शर्वरीबाईंस दिसलेल्या शून्याची बखर

श्रीशारदा प्रसन्न. जीस सकळांचे सकळ दिसते आणि जी दर्शनास येणारास नाव-पासवर्ड पुसत नाही, त्या वाग्देवतेस दंडवत घालून, शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, वैशाख मासी विद्येच्या राज्यात गुणांवरून जो कलह जाहला त्याची हकीकत लिहिली असे. संवत्सराचे नावच क्रोधी, तेव्हा पुढे काय वाढून ठेविले होते ते शहाण्यांनी तेव्हाच ओळखावयाचे होते, परंतु कोणी ओळखिले नाही. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण राज्य अद्यापि नांदते आहे आणि लिहिणाराचे पोटही तेथेच आहे.

राज्य थोर. टेकडीच्या पायथ्याशी दगडी इमारती, मध्ये हिरवळ, हिरवळीवर चालू नये अशी पाटी, आणि पाटीच्या भोवती येणाऱ्याजाणाऱ्यांनी पाडिलेली पायवाट. पूर्वी या राज्यात निकाल लागे तो भिंतीवर लागे. फळ्यावर कागद डकवीत, विद्यार्थी धक्काबुक्की करीत, कोणी रडे, कोणी पेढे आणी, परंतु जे दिसे ते सर्वांस सारखेच दिसे. मग राज्याच्या अधिपतींच्या, म्हणजे कुलगुरूंच्या मनी आले की एकाचे गुण दुसऱ्याने पाहावे हे बरवे नव्हे, आणि परदेशी तर सर्व काही यंत्रावर चालते, आणि आपण मागे का राहावे. म्हणून त्यांनी यंत्रावर एक अदृश्य महाल उभारविला आणि त्याचे नाव विद्यामहाल ठेविले, आणि सर्वांनी विद्यामहालच म्हणावे असे परिपत्रक काढिले, आणि सर्व लोक त्यास पोर्टल म्हणू लागले. या पोर्टलात प्रत्येक विद्यार्थ्यास आपापला झरोका, त्यातून ज्याचे त्यास आपले गुण दिसावे; गुरुजनांस त्यांच्या वर्गाचे दालन; आणि अधिपतींस सर्वांचे सर्व. मग दुसरा हुकूम सुटला की गुण कोणी तोंडी विचारू नये, कोणी तोंडी सांगू नये, ज्याने त्याने पोर्टलात पाहावे. हा हुकूम दारादारावर लागला, आणि कचेरीतील माणसे इतकी खूश जाहली की काहीही विचारिले तरी, अगदी पाणी कोठे मिळेल असे विचारिले तरी, पोर्टलात पाहा म्हणू लागली.

या राज्यात भाषाशास्त्राच्या शेवटच्या वर्षास शर्वरीबाई घोगरे म्हणून एक मुलगी होती. उगवतीकडील डोंगराळ परगण्यातील, वडील सयाजीराव एसटीचे वाहक, मामा बैलबाजारातील दलाल. मुलगी हुशार, चपळ, आणि रागास जरा जवळ. तिने प्रबंधास विषय घेतला तो मामांच्याच धंद्याचा: गुरांच्या बाजारात व्यापारी गिऱ्हाइकादेखत एकमेकांशी जी सांकेतिक बोली बोलतात, आणि उपरण्याखाली हात घालून बोटे धरून जो भाव ठरवितात, त्या बोलीचा अभ्यास. हा प्रबंध उत्तीर्ण जाहला की शेजारच्या राज्यातील बोलीकोश मंडळात तिला चाकरी कबूल होती. गावोगाव हिंडून शब्द गोळा करावयाचे, आणि त्याचा पगार मिळावयाचा. शर्वरीबाईंस हे इतके अद्भुत वाटे की ती नेमणुकीची गोष्ट कोणापाशी मोठ्याने बोलत नसे, दृष्ट लागेल म्हणून.

प्रबंध तपासणारे भगवंतराव इंगवले सर. वय साठीच्या जवळ, मान किंचित वाकडी, बोलणे थोडके, आणि तपासणी अशी बारीक की स्वल्पविरामही सुटत नसे. त्यांचे आणि शर्वरीबाईंचे माघात एकदा वाजले होते. ते ऐसे की सर वर्गात सांगत होते, व्यापाऱ्यांची सांकेतिक बोली आता लोपली, आणि शर्वरीबाई मागल्या बाकावरून उठून बोलिल्या, "लोपली नाही सर. माझे मामा आजही बोलतात. तुम्ही बाजारात शेवटचे कधी गेला होता?" वर्ग हसला. सर पान उलटून पुढे शिकवू लागले. शर्वरीबाईंस त्या दिवशी मोठी लढाई जिंकल्यासारखे वाटले, आणि दुसऱ्या दिवसापासून भय वाटू लागले, कारण तपासणार तेच होते.

मग वैशाखात गुण लागले. वसतिगृहाच्या गच्चीवर, जेथे नेट बरे येते तेथे, मुली मोबाईल धरून जमल्या. शर्वरीबाईंची खोलीतील मैत्रीण फरझाना तांबोळी, तिने झरोका उघडिला तो एकाहत्तर. तिने शर्वरीबाईंच्या गळ्यात हात टाकिला आणि म्हणाली, तुझे उघड. उघडिले. पाच विषयांचे गुण नीट दिसले, साठाच्या वरच होते सर्व, आणि सहाव्या ओळीत लिहिले होते: प्रबंध, शून्य. शेजारी तांबडे वर्तुळ. खाली शेरा म्हणून शब्द, आणि शब्दापुढे एक आडवी रेघ. फरझाना म्हणाली, पुन्हा उघड. पुन्हा उघडिले, पुन्हा शून्य. तेव्हा शर्वरीबाई मोबाईल खिशात घालून जिना उतरून आल्या आणि खोलीत येऊन कपड्यांच्या घड्या घालू लागल्या, आणि घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घालू लागल्या. पस्तीस दिले असते, तीस दिले असते, तर काही चुकले असेल असे मनास सांगता आले असते. शून्य हे चुकीचे गुण नव्हेत. शून्य हा डूख आहे, असे तिने मनाशी ठरविले.

परंतु रागाबरोबर एक धाकधूकही होती, की कदाचित यंत्रानेच खाल्ले असेल. म्हणून ती साह्यकक्षास लिहिती जाहली. पोर्टलात एक कोपरा तक्रारींचा होता. तेथे तिने सविस्तर लिहिले की माझ्या प्रबंधास शून्य दिसते, खरे काय ते कळवावे. उत्तर तात्काळ आले की आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे, आमची सेवा कशी वाटली ते तारे देऊन कळवावे. तिने झरोका उघडिला, शून्य. पुन्हा लिहिले. उत्तर आले की ब्राउझर बदलून पाहावा. बदलिला, शून्य. उत्तर आले की कॅश साफ करावी. केली, तो पासवर्ड गेला, आणि नवा पासवर्ड मागविला तो जुन्या फोन नंबरावर गेला, आणि तो नंबर आता गावी आईपाशी होता. मग आईस फोन करून, आई मेसेज कोठे दिसतो ते शोधणार, चष्मा शोधणार, आकडे उलटे वाचणार, तोवर वेळ संपून पासवर्ड बाद होणार, असे होता होता चौथ्या खेपेस महालात प्रवेश मिळाला. आत शून्य. आणि तक्रारीच्या कोपऱ्यात लिहिले होते, निवारण झाले आहे. शर्वरीबाईंनी एकही तारा दिला नाही, तर पोर्टल म्हणाले, तारे दिल्याविना पुढे जाता येणार नाही. तिने एक दिला. पोर्टल म्हणाले, धन्यवाद.

मग ती जातीने यंत्रशाळेत गेली. यंत्रशाळेचे मुख्य अच्युतराव ठोंबरे. मनुष्य वाईट नव्हे. थंड खोलीत बसून तीन पडद्यांपुढे सदैव काही तरी दुरुस्त करीत असत, आणि कोणी आले की दुखावल्यासारखे पाहत. त्यांनी तिचा क्रमांक घातला, पडदा पाहिला आणि म्हणाले, सर्व व्यवस्थित आहे, गुण भरलेले आहेत. ती म्हणाली, किती आहेत? ते म्हणाले, तोंडी सांगण्याचा हुकूम नाही. ती म्हणाली, मला शून्य दिसते, तुम्हांसही शून्यच दिसते का, एवढे तरी सांगा. ते म्हणाले, होय म्हटले तरी ते सांगणेच झाले, आणि नाही म्हटले तरी ते सांगणेच झाले. पोर्टलात पाहा. तिने पडद्याकडे मान वाकवून पाहू म्हटले तो त्यांनी पडदा अलगद आपल्याकडे वळविला. शर्वरीबाईंनी त्याचा अर्थ घेतला की शून्य खरे, आणि आता यंत्रशाळेचीही त्यावर मोहर जाहली.

आता कोणी म्हणेल, सरांकडेच का गेल्या नाहीत. तर अभिमान. ज्याने शून्य दिले त्याच्या दारी जाऊन का दिले असे विचारावे, हे तिच्या जिवास सोसेना. आणि त्यातच एके दिवशी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर सर समोरून आले आणि तिला पाहून थांबून म्हणाले, काय, जाऊन आलीस की नाही? शर्वरीबाई समजल्या की यंत्रशाळेत तक्रार घेऊन गेल्याचे यांच्या कानी गेले आणि हे डिवचतात. त्या म्हणाल्या, जाईन तेव्हा कळेलच सर. सरांचा चेहरा पडला. ते पायऱ्या चढून गेले, आणि त्या दिवसापासून दोघेही एकमेकांस पाहून वाट बदलू लागली. इकडे घरून रोज फोन. सयाजीराव विचारीत, निकाल काय? ती म्हणे, दिसत नाही अजून. ते म्हणत, दिसत नाही म्हणजे, फळ्यावर जाऊन बघ ना. ती म्हणे, फळा राहिला नाही दादा. सयाजीराव जेवलीस का विचारून फोन ठेवीत. खोटे बोलण्याचा तिला त्रास होई आणि तो सर्व त्रास फरझानावर निघे: खिडकी का उघडी टाकिली, पंखा का लाविला, बादली का भरली नाही. शेवटी फरझाना चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "तुला भांडायचंच आहे तर ज्याच्याशी भांडायचं त्याच्याशी जाऊन भांड. माझ्याशी भांडून तुझं शून्य वाढणार आहे का?"

हे लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी शर्वरीबाई तडक इंगवले सरांच्या खोलीत गेल्या. खोलीत पंखा गरगरत होता, टेबलावर प्रबंधांची चळत, आणि सर डबा उघडून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खात होते. त्यांनी बैस म्हणून खूण केली. ती बसली नाही. दारात उभे राहूनच म्हणाली, "सर, वर्गात बाजाराचं विचारलं म्हणून तुम्ही मला शून्य दिलंत. द्यायचंच होतं तर तोंडावर सांगून द्यायचं होतं."

सरांनी हातातला घास डब्यात परत ठेविला. "शून्य? कुणी दिलं शून्य?"

तिने मोबाईल त्यांच्यापुढे धरिला. सरांनी चष्मा पुसून पाहिले, पुन्हा पाहिले, आणि मग हात पुसून आपला लॅपटॉप उघडिला, आणि हुकुमाची पर्वा न करिता तो तिच्याकडे फिरवून टेबलावर ठेविला, आणि त्याच्या शेजारी तिचा मोबाईल ठेविला. लॅपटॉपवर लिहिले होते: घोगरे, प्रबंध, चव्वेचाळीस, दुरुस्तीस पाठविला. आणि त्याखाली शेरा. मोबाईलवर जेथे आडवी रेघ होती तेथे लॅपटॉपवर सरांनी भाकरीएवढ्या लांबीरुंदीचा मजकूर लिहिला होता, आणि तो पान सरकवावे तसा खाली खाली जातच होता. पन्नासाखाली उत्तीर्ण नाही, परंतु दुरुस्त करून पुन्हा द्यावा, अशी सवलत होती, आणि ती सवलत दोनच दिवसांपूर्वी संपली होती.

शर्वरीबाई खुर्चीवर बसल्या आणि वाचू लागल्या. पहिली दोन प्रकरणे उत्तम, असे लिहिले होते. मग लिहिले होते की तिसऱ्या प्रकरणात तीन बाजारांचे वर्णन आहे, परंतु लेखिका गेलेली दिसते ती एकट्या वडजाईच्या बाजारास; बाकी दोन ऐकीव आहेत. चांदसुऱ्याचा बाजार तळ्याकाठी भरतो असे म्हटले आहे. तळे बुजवून तेथे एसटी स्थानक जाहले, त्यास पुष्कळ वर्षे लोटली. तेव्हा उरलेल्या दोन्ही बाजारांस स्वतः जाऊन यावे आणि प्रकरण नव्याने लिहावे. हे वाचता वाचता शर्वरीबाईंचे कान तांबडे जाहले, कारण हे अक्षरशः खरे होते, आणि खऱ्याहूनही वाईट होते, कारण चांदसुऱ्याच्या त्याच स्थानकात तिचे वडील आठवड्यातून चार वेळा गाडी घेऊन येत असत, आणि तिने त्यांस एका शब्दाने विचारिले नव्हते. सर म्हणाले, मी चांदसुऱ्याचाच आहे, त्या तळ्यात पोहायला शिकलो. त्यांनी हे टोचून म्हटले नाही, म्हणून अधिकच लागले. मग शेऱ्याची शेवटची ओळ आली. ती अशी: बोली लोपली नाही हे आपले वर्गातील म्हणणे बरोबर होते; मी बाजारात अनेक वर्षांत गेलो नव्हतो; पुढील वर्षापासून तसे शिकविणार नाही.

तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आले, आणि त्या पाण्याचाही तिला राग आला. ती म्हणाली, म्हणजे पायऱ्यांवर तुम्ही विचारलंत ते... सर म्हणाले, "बाजाराला जाऊन आलीस का, ते विचारत होतो मी. तू म्हणालीस जाईन तेव्हा कळेल. मला वाटलं, शेरा वाचून पोरीला राग आला." मग ते उठून खिडकीपाशी गेले आणि बोलू लागले, आणि थोडके बोलणारे सर त्या दिवशी पुष्कळ बोलले. दुरुस्तीस पाठविलेले प्रबंध एकूण सात होते. सातही जणांस त्यांनी असे लांबलचक लिहिले होते, सुट्टीत गावी न जाता लिहिले होते, आणि सातांपैकी एकानेही वाचले म्हणून कळविले नव्हते, भेटावयास आले नव्हते, उलट समोर दिसताच तोंड फिरवीत होते. सरांनी मनाशी धरिले की आजकालच्या पोरांस चूक दाखविलेली चालत नाही, आणि पुढल्या वर्षी नुसते गुण द्यावे, शेरा लिहू नये. आणि तिकडे सात जणांनी मनाशी धरिले की शून्य आपल्या एकट्यालाच पडले, आणि लाजेने एकाने दुसऱ्यास सांगितले नाही. ऐसा हा सर्व कारभार होता. सर म्हणाले, चल. डबा तसाच उघडा राहिला.

दोघे यंत्रशाळेत गेली. ठोंबऱ्यांनी पडदा पाहिला आणि म्हणाले, मला व्यवस्थित दिसते. सर म्हणाले, तुम्हाला दिसतं हो, हिला दिसत नाही. ठोंबरे म्हणाले, मग त्यांच्या मोबाईलचा दोष. तेव्हा शर्वरीबाईंनी ठोंबऱ्यांचाच मोबाईल मागून घेऊन त्यावर आपले नाव-पासवर्ड घातला, आणि शून्य त्यांच्या हातात ठेविले. ठोंबऱ्यांनी झरोका मिटून पुन्हा उघडिला. मग म्हणाले, असे दिसू नये. सर म्हणाले, पण दिसतंय. ठोंबऱ्यांनी खटपट करून कारण काढिले की पोर्टलात प्रत्येक गुणाच्या कडेस एक डोळ्याची खूण असते, डोळा उघडा तर विद्यार्थ्यास दिसते, मिटला तर दिसत नाही. आणि दुरुस्तीस पाठविलेल्या प्रबंधाचा डोळा महाल आपण होऊन मिटितो, आणि मिटलेल्या गुणाच्या जागी विद्यार्थ्यास शून्य दाखवितो. शर्वरीबाईंनी विचारिले, म्हणजे ज्यांना वाचायची सर्वांत गरज, त्यांचाच डोळा मिटतो? ठोंबरे म्हणाले, रचना तशी आहे. सर म्हणाले, उघडा मग. ठोंबरे म्हणाले, सवलतीची तारीख उलटली, आता डोळा उघडणे आणि तारीख वाढविणे हे फक्त अधिपतींच्या हातचे. आणि अधिपतींची भेट हवी तर पोर्टलातून मागावी. हे ऐकून इंगवले सर, जे तीस वर्षांत कोणावर ओरडले नव्हते, ते असे काही ओरडले की शेजारच्या खोलीतील माणसे दारात आली. शब्द लिहिण्याजोगे नव्हेत.

योगायोग ऐसा की त्याच दिवशी सभागृहात अधिपतींची मोठी सभा होती, आणि सभेत विद्यामहालाच्या यशाचेच आख्यान चालू होते. भिंतीवर चित्रे उमटत होती की विद्यार्थी संतुष्ट आहेत, तक्रारींचे निवारण पूर्ण आहे, आणि सर्वांनी तारे दिले आहेत. तेथे इंगवले सर, त्यांच्या मागे शर्वरीबाई, आणि त्यांच्या मागे नाइलाजाने ठोंबरे, असे तिघे थेट आत गेले. अधिपती स्वभावाने शांत, केस रुपेरी, बोलणे गोड. त्यांनी सर्व ऐकून घेतले, आपल्या पुढ्यातील पडद्यावर पाहिले आणि म्हणाले, मला तर सर्व गुण दिसत आहेत, शेरेही दिसत आहेत, फार सुंदर लिहिले आहेत इंगवले तुम्ही. सभेत एक दोघे हसले. शर्वरीबाईंस कळले की आता नमस्कार करून बाहेर काढणार, आणि बाहेर काढिले की संपले. तिने पाय रोवले. म्हणाली, "सर, तुम्हाला सगळं दिसतं, म्हणूनच आम्हाला काय दिसतं ते तुम्हाला दिसत नाही. एकदा विद्यार्थी होऊन आत जा. मग मला सांगा."

अधिपतींस वाटले की नाही म्हणावे तर भ्यालो असे दिसेल, म्हणून हसून म्हणाले, का नाही, ठोंबरे, आम्हांस विद्यार्थी करा. ठोंबऱ्यांनी बरोबर आणिलेला लॅपटॉप उघडून तेथेच त्यांचे नाव भाषाशास्त्राच्या शेवटच्या वर्षास दाखल केले. आता प्रबंध पाहिजे. अधिपतींनी आपले त्याच दिवशीचे स्वागताचे भाषण प्रबंध म्हणून जमा केले. इंगवले सरांनी ते उभ्याउभ्या वाचिले, एकेचाळीस गुण दिले, आणि खाली काही तरी लिहून दुरुस्तीस पाठविले. तपासून पाहावयाचे तर दुरुस्तीस पाठविणे भागच होते, परंतु ते खरेच चाचणीपुरते होते किंवा कसे, हे विचारण्याचे धैर्य कोणास जाहले नाही. मग अधिपतींनी विद्यार्थी होऊन आपल्या मोबाईलवर झरोका उघडिला. पासवर्ड चुकला. पुन्हा घातला. चुकला. तिसऱ्यांदा उघडला, तो आत शून्य, शेजारी तांबडे वर्तुळ, खाली शेरा आणि आडवी रेघ. अधिपतींच्या मुखावरील हसू जरा वेळ तसेच राहिले आणि मग उतरले. त्यांनी विचारिले, इंगवले, तुम्ही काय लिहिलेत? सर म्हणाले, तोंडी सांगण्याचा हुकूम नाही. अधिपती ठोंबऱ्यांकडे वळले. ठोंबरे आपल्या पडद्याकडे पाहून खरोखरीच गोंधळून म्हणाले, सर, मला व्यवस्थित दिसते आहे.

त्याच जागी हुकूम लिहिला गेला. सातही जणांचे डोळे उघडावे, सवलत ज्येष्ठ अखेरपर्यंत वाढवावी, आणि तोंडी सांगण्याची बंदी उठवावी. सर्वांचे काम जाहले असे मात्र नव्हे. सातांपैकी अंकुश बोऱ्हाडे म्हणून एक मुलगा शून्य पाहून त्याच आठवड्यात गाशा गुंडाळून गावी गेला होता आणि मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामास लागला होता. इंगवले सरांनी त्यास स्वतः फोन केला, तुझे अठ्ठेचाळीस आहेत, दोन गुणांचे काम आहे, ये, म्हणून पुष्कळ विनविले. तो ऐकून घेऊन म्हणाला, सर, आता घरच्यांना सांगून झालंय, आणि इकडं बरं चाललंय. तो आला नाही. सरांनी फोन ठेविला आणि त्या दिवशी तास घेतला नाही.

शर्वरीबाई गावी गेल्या आणि वडिलांस सर्व सांगितले, शून्यही आणि चव्वेचाळीसही. सयाजीरावांनी एवढेच विचारिले, की तळ्याकाठी असं लिहिलंस? मग दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला आपल्याच गाडीने चांदसुऱ्यास नेले आणि स्थानकामागल्या माळावर, जेथे बाजार भरतो, तेथे मामांच्या ओळखीच्या व्यापाऱ्यांच्या हवाली करून परतीची गाडी घेऊन गेले. ती दिवसभर उन्हात बैलांच्या मध्ये उभी राहिली. एका म्हाताऱ्या दलालाने तिचा हात उपरण्याखाली घेऊन बोटे धरून भाव कसा बोलावा ते दाखविले, आणि तिला जे शब्द मामांकडूनही कधी ऐकावयास मिळाले नव्हते ते तेथे मिळाले, आणि आपण पहिल्याने जे लिहिले होते ते किती पोकळ होते हे तिला कोणी न सांगता कळले. तिसऱ्या बाजारासही ती गेली. प्रकरण मुळापासून नवे लिहिले आणि ज्येष्ठात जमा केले. सरांनी सहासष्ट दिले. शर्वरीबाईंच्या मनात होते की सत्तर तरी देतील, म्हणून ती भांडावयास गेली, आणि सरांनी तिला समोर बसवून चारही गुण कोठे कोठे गेले ते पान उघडून दाखविले, आणि दोघांचा तासभर वाद जाहला, आणि सहासष्टचे सहासष्टच राहिले. बोलीकोश मंडळाने तिला रुजू करून घेतले.

तात्पर्य, येणेप्रमाणे क्रोधी संवत्सरात जे घडले ते लिहिले. सांप्रत राज्य सुखरूप आहे. पोर्टलही आहे. तक्रारींचे निवारण पूर्वीइतक्याच त्वरेने होते. अधिपतींचे नाव त्या दिवशी विद्यार्थ्यांत घातले ते काढावयाचे कोणाच्या ध्यानी राहिले नाही, आणि आता ध्यानी आले आहे तर निघत नाही. त्यांचा प्रबंध दुरुस्त होऊन आलेला नाही, बाकी पाच विषयांस ते गैरहजर आहेत, आणि पोर्टल त्यांस रोज सकाळी स्मरण देते की आपण अनुत्तीर्ण आहात. त्यांनी साह्यकक्षास अनेक वेळा लिहिले. त्यांसही निवारण झाल्याचे उत्तर येते, आणि तारे मागतात. लिहिणाराने पाहिले तितके लिहिले. उरलेले पोर्टलात पाहावे.